मेंदू बघणाऱ्यांच्या हाती चालेल असा लेझर द्या: निधी संस्था आणि लेझर कंपन्यांना खुलं पत्र

मेंदू संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांना आणि संशोधनासाठी फेम्टोसेकंद लेझर, म्हणजे प्रकाशाचे अतिशय छोटे ठोके (पल्स) सोडणारे लेझर, बनवणाऱ्या कंपन्यांना,

नमस्कार.

मी एक शेअर्ड इमेजिंग लॅब सांभाळते. मायक्रोस्कोप आमच्याकडे असतात आणि वेगवेगळ्या गटांतले विद्यार्थी, पोस्टडॉक येऊन उंदराच्या मेंदूतल्या जिवंत पेशी काम करताना बघतात, कोणी स्मृतीवर काम करतंय, कोणी एपिलेप्सीवर, कोणी झोपेवर. या सगळ्यांच्या प्रयोगाला लागणारा प्रकाश एकाच खोलीतल्या एक-दोन लेझरमधून येतो आणि ते लेझर चालू ठेवणं हे माझं काम.

पत्र आत्ताच का, तर खोल मेंदू बघायला लागणारा लेझर साधा, भरवशाचा आणि प्रयोगाप्रमाणे बदलता येणारा करायचा असा एक प्रस्ताव आम्ही काही इंजिनियर मंडळींबरोबर पाठवला होता, तो परत आला. कारण असं दिलं की यात नवीन विज्ञान नाही, हे इंजिनियरिंग आहे. त्याच सुमारास आमच्या जुन्या लेझरच्या कंपनीने कळवलं की या मॉडेलचे पार्ट यापुढे मिळणार नाहीत, नवीन घ्या. नवीन घ्यायला पैसे कोण देणार, तर ज्यांनी आत्ताच नाही म्हटलंय तेच. मी संस्थेचं नाव घेत नाहीये, कंपनीचंही नाही, कारण हे एकाच ठिकाणचं दुखणं नाही, या धंद्यातल्या कोणालाही विचारा, थोड्याफार फरकाने हीच गोष्ट ऐकायला मिळेल.

"हे इंजिनियरिंग आहे" हे वाक्य मला मान्य नाही, आणि ते का नाही हे जरा नीट सांगते.

मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 साली कागदावर मांडलं की एक अणू दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे दोन कण, एकदमच शोषू शकतो. तो सिद्धांत मेंदूपर्यंत पोचायला जवळजवळ साठ वर्षं गेली. 1990 साली कॉर्नेलमध्ये विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी याच तत्त्वावरचा पहिला दोन-फोटॉन मायक्रोस्कोप दाखवला, पण त्याचा लेझर होता डाय लेझर, म्हणजे रंगद्रव्याचं द्रावण सतत फिरवत ठेवायचं आणि शेजारी लेझरचा जाणकार माणूस उभा पाहिजे. मग टायटेनियम-सफायर आला, क्रिस्टल पीटर मोल्टन यांनी 1982 मध्येच दाखवलेला होता, 1991 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या विल्सन सिबेट यांच्या गटाने त्यातून अतिशय छोट्या पल्स आपोआप निघतात हे छापलं. तरीसुद्धा सुरुवातीची बरीच वर्षं हा लेझर उघड्या टेबलावर हाताने आरसे फिरवत लावायला लागायचा. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये तो खऱ्या अर्थाने शिरला 2000 च्या आसपास, जेव्हा तो बंद पेटीत आला, कॉम्प्युटरवर तरंगलांबीचा आकडा टाकायचा की झालं. त्या पेटीत नवीन भौतिकशास्त्र फारसं नव्हतं, होतं ते इंजिनियरिंग. पण त्या पेटीमुळेच न्यूरोसायन्सचा एक साधा विद्यार्थी सकाळी येऊन लेझर ऑन करून दुपारपर्यंत डेटा घ्यायला लागला. मग 2013 साली जीकॅम्प6 सारखे कॅल्शियमचे सेन्सर, म्हणजे न्यूरॉन कामाला लागला की चमकणारी प्रथिनं, आले आणि शेकडो न्यूरॉन एकाच वेळी चमकताना दिसायला लागले, तेव्हा ते बघायला लेझर तयार होता. तो त्या वेळी तयार नसता तर त्या सेन्सरचा अर्धा उपयोगही झाला नसता असं माझं ठाम मत आहे.

तीन-फोटॉन मायक्रोस्कोपी, म्हणजे तीन फोटॉन एकदम शोषवून आणखी खोल बघण्याची पद्धत, आज नेमकी त्या पेटीच्या आधीच्या टप्प्यावर अडकून पडलीये. आणि तुम्ही म्हणताय पेटी बनवणं हे विज्ञान नाही.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं आतलं सांगते, कारण हे पत्र त्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे. दोन-फोटॉनसाठी लागणारा लेझर सलग जळत नाही, तो सेकंदाला साधारण 8 कोटी वेळा लुकलुकतो आणि प्रत्येक पल्स सुमारे 100 फेम्टोसेकंदांची (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). दोन पल्समध्ये 12.5 नॅनोसेकंदांचं अंतर, म्हणजे पल्स जितका वेळ असते त्याच्या सव्वा लाख पट वेळ एका पल्सच्या सुरुवातीपासून पुढच्या पल्सपर्यंत जातो. त्यामुळे सरासरी पॉवर 1 वॅट असली तरी पल्सच्या क्षणाला ती सव्वाशे किलोवॉटच्या घरात जाते, आणि दोन फोटॉन एकदम शोषले जायला हीच गर्दी लागते. मेंदूला मात्र सरासरी पॉवर सोसायला लागते, ती उष्णता होते. उंदरांवर मोजून पॉडगॉर्स्की आणि रंगनाथन यांनी 2016 मध्ये छापलं की दर 100 मिलिवॅटला मेंदूचं तापमान सुमारे 1.8 अंशांनी वाढतं आणि 250 मिलिवॅटच्या वर सतत प्रकाश टाकला तर टिकून राहणारी इजा होते. म्हणजे आमच्याकडे प्रकाशाचं बजेट ठरलेलं आहे, ते वाढवून मागता येत नाही. मग त्याच बजेटात जास्त सिग्नल काढायचा तर पल्सची लांबी, पल्सची संख्या आणि तरंगलांबी हे तिन्ही हाताशी पाहिजेत. इथेच लेझर जुळवून घेणारा असणं म्हणजे काय ते कळतं. यात चैन कसलीच नाही, जनावराला कमी भाजून जास्त बघता येणं आहे.

आता तक्रारी. पहिली पल्सच्या लांबीबद्दल. लेझरच्या तोंडाशी 100 फेम्टोसेकंदांची पल्स निघते, कागदपत्रांत तोच आकडा छापलेला असतो. पण मधे पॉकेल्स सेल (पॉवर कमीजास्त करणारा भाग) आहे, लेन्सेस आहेत, जाडजूड ऑब्जेक्टिव्ह (उंदराजवळची मुख्य लेन्स) आहे, आणि काचेत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने जातात, त्यालाच डिस्पर्शन म्हणतात. समजा हे सगळं मिळून 15,000 फेम्टोसेकंद वर्ग इतकं डिस्पर्शन झालं, तर हिशोब करून बघा, 100 ची पल्स उंदरापर्यंत पोचेस्तोवर 430 च्या आसपास होते आणि तेवढ्याच पॉवरला दोन-फोटॉनचा सिग्नल पावपटीच्याही खाली येतो. विद्यार्थी काय करतो? चित्र अंधुक दिसलं की पॉवर वाढवतो. दुसरं काही त्याच्या हातात ठेवलेलंच नसतं. काही लेझरमध्ये हे आधीच उलटं भरून काढायची सोय असते, हे मला माहितेय, पण खूपदा ती वेगळे पैसे भरून घ्यायची असते किंवा तिची रेंज आमच्या मायक्रोस्कोपला पुरत नाही, आणि सॅम्पलच्या जागी पल्स खरंच किती लांब आहे हे दाखवणारं मीटर तर सोबत येतच नाही. गाडीला स्पीडोमीटर नसावा आणि ड्रायव्हरने अंदाजाने चालवावी तसं आम्ही चालवतोय.

दुसरी तक्रार जरा लांबेल, कारण माझं सगळ्यात जास्त दुखणं इथे आहे. उंदराच्या मेंदूचं बाहेरचं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, साधारण एक मिलिमीटर जाड. हिप्पोकॅम्पस, जिथे स्मृतीचं एवढं काम चालतं, तो त्याच्याखाली. दोन-फोटॉनला तिथवर पोचताना दम लागतो, वरच्या थरातूनच इतका फालतू उजेड परत येतो की खालचं दिसेना. म्हणून बरेच लोक वरचा कॉर्टेक्सच काढून तिथे काच बसवतात. ते मी बघितलंय आणि ते चांगलं होतं, जखम भरते, डेटा येतो, पण स्मृती बघायला वरचा मेंदू काढून टाकायचा ही मनाला पटणारी गोष्ट नाही. कॉर्नेलच्याच क्रिस शू यांच्या गटाने 2013 मध्ये 1700 नॅनोमीटरला तीन-फोटॉनने आणि 2017 मध्ये 1300 नॅनोमीटरला दाखवून दिलं की मेंदू न कापता हिप्पोकॅम्पसपर्यंत जाता येतं. हे दोन आकडे उगाच निवडलेले नाहीत, 1450 च्या आसपास पाणी प्रकाश जोरात शोषतं, म्हणून त्याच्या अलीकडची एक खिडकी आणि पलीकडची एक.

इतकं सगळं दाखवून झालंय तर मग सगळे का वापरत नाहीत? लेझरमुळे. तीन-फोटॉनला एकेक पल्स खूप ताकदीची लागते, मग पल्सची संख्या कमी करायला लागते, सेकंदाला साधारण 10 लाख. आता 512 बाय 512 चं चित्र घ्या, त्यात 2,62,144 पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला एकच पल्स दिली तरी सेकंदाला चार चित्रंसुद्धा होत नाहीत, आणि दोन-फोटॉनची सवय असलेल्या माणसाला तीस लागतात. त्यात हा उजेड तयार होतो तो एका मोठ्या इटर्बियम लेझरने दुसरा पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर चालवून, आणि ते दुसरं यंत्र खोलीचं तापमान जरा हललं तरी रुसतं. सकाळी लावलेली पॉवर दुपारी नसते, स्पेक्ट्रम सरकलेला असतो. उंदराला डोकं स्थिर ठेवून पळायला, बघायला, निर्णय घ्यायला शिकवण्यात आठवडे गेलेले असतात, तो दिवस ठरलेला असतो, आणि लेझर त्या दिवशी नाही म्हणतो. मग ते जनावर फुकट गेलं का? बऱ्याचदा हो. जनावरं कमीत कमी वापरा असं आम्हाला प्रत्येक फॉर्मवर लिहून द्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे, पण एखादा बिघडणारा लेझर किती जनावरं फुकट घालवतो हे कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं मी अजून पाहिलं नाहीये.

यावर उत्तरही छापून आलेलं आहे. शू यांच्याच गटाने 2020 मध्ये असा उजेड दाखवला जो पूर्ण चित्रावर टाकायच्या ऐवजी फक्त जिथे न्यूरॉन आहेत तिथेच पल्स टाकतो, मधल्या रिकाम्या जागेवर गप्प बसतो. लागणारी पॉवर सुमारे 30 पटींनी कमी झाली. म्हणजे एकतर जनावराला तेवढी कमी उष्णता, किंवा तेवढ्याच उष्णतेत कितीतरी वेगाने चित्र. पेपर वाचल्यावर मी माझ्या लॅबमधल्या पोरांना बोलावून दाखवला होता, इतका आनंद झाला होता. पण आज माझ्याकडे येणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला मी हे देऊ शकते का, तर नाही. ते उभं करायला फायबर ऑप्टिक्स, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स आणि स्कॅनरच्या वेळेशी पल्स जुळवणारा प्रोग्रॅम हे सगळं येणारं माणूस लागतं, असं माणूस मेंदूच्या लॅबमध्ये नोकरीला नसतं, आणि असलं तर त्याच्या पगाराचं कलम तुमच्या बजेटात नसतं. ही गोष्ट पेपरपासून टेबलापर्यंत आणायचं काम म्हणजेच आमचा तो परत आलेला प्रस्ताव.

तिसरी गोष्ट थोडक्यात. टायटेनियम-सफायर जवळपास 690 ते 1040 नॅनोमीटरपर्यंत जातो, जीकॅम्पला लागणारं 920 त्यात बसतं. पण लाल सेन्सर 1040 च्या पुढे मागतात, आणि ऑप्टोजेनेटिक्सवाले (प्रकाशाने न्यूरॉन चालू-बंद करणारे) एका रंगाने न्यूरॉन बघत दुसऱ्या रंगाने निवडलेले न्यूरॉन पेटवतात, म्हणजे दोन लेझर, दोन्हीची वेळ जुळलेली पाहिजे. आज हे जुळवणं प्रत्येक लॅब आपापलं करते, दर वेळी शून्यापासून.

चौथी रोजच्या वापराची आहे, बाहेरच्यांना बारीकसारीक वाटेल. हवेतली वाफ 930-950 नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश शोषते, त्यामुळे लेझरच्या आतली हवा कोरडी नसेल तर 940 ला मोडलॉक तुटतो, म्हणजे लेझर चालू, पॉवर मीटरवर आकडा छान, पण पल्स नाहीत आणि स्क्रीन काळी. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं उंदराची सर्जरी बिघडली. तो खिडकी तपासतो, सेन्सर तपासतो, डिटेक्टर तपासतो, तास जातो, आणि मग कोणीतरी येऊन 925 ला आणून परत सुरू करतं. एवढं साधं वाक्य, "पल्स बंद आहेत, आतली हवा ओलसर झालीये", हे लेझरच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत का येत नाही? बऱ्याच यंत्रांत ती खूण कुठेतरी कोपऱ्यात असते, किंवा एरर कोड येतो ज्याचा अर्थ फक्त सर्व्हिस इंजिनियरला कळतो. बीम सरकला की आयआर कार्ड (न दिसणारा उजेड दाखवणारं कार्ड) हातात धरून आरसे फिरवायचे, आणि हा क्लास 4 चा, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातला, लेझर आहे, 920 चा उजेड डोळ्याला जवळजवळ दिसत नाही पण रेटिनाला जाऊन भिडतो. गॉगल घालतो, नियम पाळतो, पण जे काम दोन मोटरवाले आरसे आणि एक कॅमेरा आपोआप करू शकतात त्यासाठी पोरांना झाकण उघडायला लावणं मला चुकीचं वाटतं.

पाचवी कंपन्यांसाठी. तुमचे लेझर चांगले आहेत, तुमचे सर्व्हिसला येणारे लोक तर मनापासून काम करतात, कित्येकदा फोनवरच अडचण सोडवून देतात. पण यंत्र बंद पेटीत आणि सॉफ्टवेअरही बंद पेटीत, असं का? पेटी बंद पाहिजे, सॉफ्टवेअर नको. आमच्या मायक्रोस्कोपच्या प्रोग्रॅमला लेझरशी बोलायचं तर कमांडची यादी मागून मागून मिळते, कधी अर्धीच मिळते. आणि पंप डायोड (लेझरला ऊर्जा देणारा भाग) संपला की पूर्ण हेड बदला, मॉडेल बंद झालं की पूर्ण लेझर बदला. फायबर लेझरमुळे 920 ला आता पाण्याच्या चिलरशिवाय, छोट्या डब्यातून उजेड मिळायला लागलाय, ते मला फार आवडलेलं काम आहे, पण त्यातले बरेच एकाच तरंगलांबीला आणि एकाच पल्स संख्येला बांधलेले. साधा हवा तर न बदलणारा घ्या, बदलणारा हवा तर कटकटीचा घ्या, अशी निवड आमच्यापुढे आहे. डोक्यावर मायक्रोस्कोप बसवून उंदीर मोकळा फिरू देणारी तीन ग्रॅमच्या आतली यंत्रं आली आहेत, त्यांना फायबरमधून 920 चा स्थिर उजेड लागतो, म्हणजे गिऱ्हाईक नाही असं कोणी म्हणू नये.

निधी देणाऱ्यांना अजून एक. अमेरिकेत 2013 साली ब्रेन इनिशिएटिव्ह जाहीर झाला तेव्हा मेंदू बघायची साधनं बनवणं हाच त्याचा गाभा होता आणि जगभरच्या लॅबना त्याचा फायदा झाला. तोच निधी 2023 ला 68 कोटी डॉलर होता, 2024 ला 40.2 कोटींवर आला. पैसा कमी झाला की "नवीन" दिसणारं वाचतं आणि टिकाऊ करायचं काम मागे पडतं, आमच्या प्रस्तावाचं तेच झालं असं मला वाटतं, आणि नेमका असाच काळ असतो जेव्हा आहे ती साधनं दहा गटांनी वाटून वापरायची असतात, म्हणजे ती बिघडणारी असून चालतच नाही.

आमचं मागणं साधं आहे. निधी संस्थांनी "छापून झालेलं साधन दुसऱ्या लॅबमध्ये चालेल असं करणं" यासाठी वेगळं कलम ठेवावं, आणि ते तपासणाऱ्या समितीत लेझर बनवणारा एक आणि रोज लेझर वापरणारा एक माणूस हवा. यश किती पेपर आले यावर मोजू नका, ज्यांनी तो लेझर बनवला नाही अशा किती गटांनी त्यावर मदतीशिवाय प्रयोग पूर्ण केला यावर मोजा. यंत्रासोबत ते सांभाळणाऱ्या माणसाचा पगार आणि वॉरंटी संपल्यानंतरचा सर्व्हिस खर्चही मंजूर करा, लेझर हा बहुतेक वेळा पूर्ण सेटअपमधला सगळ्यात महाग भाग असतो आणि तो धूळ खात पडलेला मी पाहिलाय.

कंपन्यांनी तरंगलांबी, पल्सची संख्या, डिस्पर्शन आणि पल्स कधी टाकायची याचा ट्रिगर, या सगळ्याच्या कमांड मोकळ्या कराव्यात आणि छापाव्यात. सॅम्पलच्या जागी पल्सची लांबी मोजायची सोय मूळ किमतीत द्यावी. पंप, फायबर, क्रिस्टल हे भाग सुटे बदलता यावेत, आणि मॉडेल बंद करताना पार्ट किती वर्षं मिळतील ते विकतानाच लिहून द्यावं. एरर कोडच्या ऐवजी वाक्य लिहा. आणि डिझाइन करताना एकदा तरी मेंदूच्या लॅबमध्ये येऊन पूर्ण दिवस बसा, अंधाऱ्या खोलीत, विद्यार्थिनी एका हाताने उंदीर सांभाळत दुसऱ्या हाताने तुमचं सॉफ्टवेअर चालवते तेव्हा. माझी लॅब त्यासाठी कधीही उघडी आहे, मी स्वतः सगळं दाखवेन.

आमचा प्रस्ताव आम्ही पुढच्या फेरीत पुन्हा पाठवतोय, शीर्षक तेच ठेवून, इंजिनियरिंग हा शब्द न काढता. या वेळी नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, फक्त हे काम मग कोणी, कुठल्या पैशातून करायचं तेवढं उत्तरात लिहा.

आपली,
एका शेअर्ड इमेजिंग लॅबची व्यवस्थापक